पंधरा वर्षांची म्हातारी

सरकारी नोकर आमच्या राज्यात अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. निवृत्त झाला म्हणून त्याला कोणी मोडीत काढीत नाही. घर शंभर वर्षे उभे राहिले तर लोक त्याला वाडा म्हणतात आणि त्याच्यावर लेख लिहितात. तांब्याचा हंडा तीन पिढ्या टिकला तर सून तो पाहुण्यांना कौतुकाने दाखविते. एक मालाची गाडी तेवढी अशी कमनशिबी, की पंधरा वर्षे पुरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती समाजाची वैरीण ठरते. तिचे इंजिन कालच्यासारखेच चालत असते, ब्रेक कालच्यासारखेच लागत असतात, ओझेही ती कालचेच वाहत असते. बदललेले असते ते फक्त भिंतीवरचे कॅलेंडर.

या कॅलेंडरशाहीशी मला भांडावयाचे आहे. कथा-कवितांच्या पंगतीत हे पिकअप गाडीचे पान कोणी वाढले, असे ज्यांना वाटेल त्यांना एवढेच सांगतो, की लक्ष्मीपूजनाला तुमच्या दाराला लागलेली झेंडूची माळ अशाच एखाद्या गाडीच्या हौद्यातून, ताडपत्रीखाली, रात्रभर प्रवास करून आलेली असते. ती गाडी बहुधा नवी नसते.

मी जुन्नर तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक. घरची शेती धाकटा भाऊ आणि पुतण्या पाहतात. मी हिशेब पाहतो आणि गाडी पाहतो. गाडी 2003 सालची आहे. पुढे तिघांना दाटीवाटीने बसता येईल अशी केबिन, मागे उघडा हौदा, तीन बाजूंना लोखंडी फाळके. डिझेल इंजिन, आणि त्याला डिझेल पुरविणारा साधा, यंत्राने चालणारा पंप. तिच्यात संगणक नावाची वस्तू नाही. मोसमात ती टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात नेते, एरव्ही कांदा, शेणखत, पाइप, आणि लग्नसराईत भावकीतली माणसे सोडून त्यांचे सारे सामान. (माणसे हौद्यात बसवू नयेत हा कायदा मला मान्य आहे आणि आमच्या भावकीला मान्य नाही, हे भांडण वेगळे.)

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण केंद्र सरकारने 2021 साली आणले. कागदावर ते धोरण शहाणे आहे, हे आधी मान्य करतो. गाडी योग्यता तपासणीत नापास झाली तर ती मोडीत काढावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तब्येत पाहावी, जन्मतारीख पाहू नये. पण जे धोरण लोकांना तब्येत पाहावयास सांगते, त्याच्या पाठोपाठ आलेल्या नियमाने 1 एप्रिल 2023 पासून खुद्द सरकारच्या मालकीच्या गाड्या मात्र पंधरा वर्षे झाली की सरसकट बाद केल्या. तिथे तब्येतीची चौकशी नाही. एखाद्या डॉक्टराने रोग्याला सांगावे, नाडी पाहून औषध देतो, आणि स्वतःच्या घरात पंचांग पाहून द्यावे, तसे हे झाले.

आणि नागरिकाच्या बाबतीत तरी वयाकडे कानाडोळा होतो काय? तपासणी आता हळूहळू माणसाच्या नजरेवरून यंत्राकडे चालली आहे. ब्रेक यंत्र मोजते, दिवे यंत्र मोजते, धूर यंत्र मोजते. या सुधारणेचे मी मनापासून स्वागत करतो. यंत्राला चहा पाजावा लागत नाही. परंतु यंत्र वय विचारीत नाही आणि शुल्काची पावती विचारते, ही काय तऱ्हा? पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीला पूर्वी 600 रुपये पडत. 1 एप्रिल 2022 पासून 5,000 पडू लागले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते 10,000 झाले. पंधरा वर्षांवरच्या ट्रकच्या योग्यता प्रमाणपत्राचे 1,500 होते, ते 2022 मध्ये 12,500 झाले. तपासणीचे काम तर तेच! तोच रूळ, तीच चाके, तेवढाच वेळ. मग वाढलेले पैसे कशाचे? म्हातारपणाचा दंड, याखेरीज दुसरे उत्तर मला सापडत नाही. गाडी उत्तीर्ण झाली तरी तो भरावा लागतो. परीक्षेत पहिला आलेल्या मुलाकडून, तू वयाने मोठा आहेस म्हणून, आठपट फी घेणारी शाळा मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला तोंडपाठ आहे. धूर! जुनी गाडी धूर ओकते, आणि तुम्ही गुरुजी असून पोरांच्या फुप्फुसांचा विचार करीत नाही. तर धुराविषयी बोलू, आणि नीट बोलू. कारण जे धुराविषयी सर्वांत मोठ्याने बोलतात त्यांनी धुराकडे कधी डोळे उघडून पाहिलेले नसते.

धुराला रंग असतो, आणि आमचे मिस्त्री तो रंग वैद्याने जीभ पाहावी तसा पाहतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: हवेचा फिल्टर धुळीने चोंदला आहे, नोझल झिजून फवाऱ्याऐवजी पिचकारी मारते आहे, किंवा कोणी पंपाशी चावटपणा केला आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. थंडीच्या सकाळी क्षणभर तो यावयाचाच, पण इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पंपाचे टायमिंग पाहावे, आणि पाण्याची टाकी कमी होते आहे काय तेही पाहावे. निळा धूर सर्वांत वाईट. ऑइल जळते आहे, रिंगा गेल्या, खर्चाला तयार राहा. यांतला प्रत्येक रोग आठ वर्षांच्या गाडीला होऊ शकतो आणि प्रत्येक रोगावर पंचवीस वर्षांच्या गाडीत इलाज होऊ शकतो. वेळेवर फिल्टर बदलणे, नोझल काढून पंपवाल्याकडे दाबावर तपासून घेणे, टॅपेटची फट पत्तीने मोजून बसविणे, एवढी पथ्ये पाळली तर आमच्या गाडीमागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तोंडावर रुमाल धरावा लागत नाही.

पंपाशी चावटपणा म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे, कारण आमच्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द ऐकविल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही. डिझेलच्या पंपावर जास्तीत जास्त किती डिझेल सुटावे याचा एक स्क्रू असतो. पंपवाला तो बसवून तारेने सील करतो. घाट चढताना गाडीने आणखी जोर मारावा म्हणून काही शहाणे ते सील तोडून स्क्रू पिळतात. गाडी जोर मारते, यात शंका नाही. आणि मागे माळशेज घाटातल्या धुक्याला काळी किनार लावीत जाते. याला सुधारणा म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. तीच गोष्ट कर्णकर्कश हॉर्नची, समोरच्याला आंधळे करणाऱ्या पांढऱ्या दिव्यांची आणि हौद्यात भिंतीएवढे स्पीकर बसवून गावोगाव काळजे हादरवीत फिरणाऱ्यांची. त्यांची गाडी जप्त झाली तर मी पेढे वाटीन. परंतु लक्षात घ्या, हे सगळे गुन्हे कोऱ्या करकरीत गाडीवरही होतात आणि बहुधा तिथेच जास्त होतात.

राहता राहिली नव्या इंजिनांची गोष्ट. एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 गाड्याच विकल्या जातात. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी चाळण असते, आणि त्या चाळणीशी माझ्या जुन्या इंजिनाची बरोबरी होणार नाही. जिथे हवेला जागाच उरलेली नाही अशा महानगराने आपल्या वेशीवर जुनी इंजिने अडविली तर मी तक्रार करणार नाही. माझी तक्रार मापाविषयी आहे. दिल्लीत हरित न्यायाधिकरणाने 2015 साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ती कायम केली. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यावयाचे नाही असे ठरले आणि काही दिवसांतच ते आवरते घ्यावे लागले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला आळा घातला आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-4 व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे दहा वर्षांचा वळसा घालून चर्चा अखेर जन्मसालावरून इंजिनाच्या प्रतीवर आली. या न्यायाने माझी पिकअप दिल्लीत बसणार नाही, हे मला कळते. न बसो, तिला दिल्लीला जावयाचे नाही. तिला मोसमात दिवसाकाठी तीस-चाळीस किलोमीटर जावयाचे आहे आणि मोसम संपला की छपराखाली उभे राहावयाचे आहे.

आता दुसरा आरोप: तुम्ही लोक गाड्या जशा मिळतात तशा ठेवीत नाही, त्यांत फेरफार करता. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचावयाचे असे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. चासी कापून लांब करणाऱ्याला ही शिक्षा व्हावी. ब्रेकला हात लावणाऱ्याला दुप्पट व्हावी. पण फेरफार या एका शब्दाच्या पोत्यात शहाणपण आणि वेडेपणा एकत्र कोंबून वर गाठ मारली, की तपासनाक्यावरच्या माणसाच्या मर्जीला सोन्याचे दिवस येतात.

आणि गंमत अशी, की पिकअप ही वस्तूच मुळी मालकांच्या फेरफारातून जन्माला आली! अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी फोर्डच्या मॉडेल-टी मोटारींचा मागचा भाग काढून तिथे लाकडी पेट्या बसविल्या. गावोगावच्या सुतार-लोहारांनी त्यांना हौदे करून दिले. हे वर्षानुवर्षे चालले, तेव्हा कुठे 1925 साली फोर्ड कंपनीने कारखान्यातच हौदा बसवून गाडी विकावयास काढली. ऑस्ट्रेलियातली गोष्ट आणखी मासलेवाईक आहे. एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डच्या तिथल्या कंपनीला पत्र लिहिले म्हणतात, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजारात नेता येतील अशी काही गाडी करा. त्यावरून ल्यू बँट नावाच्या तरुण आरेखकाने 1934 साली तसली गाडी सिद्ध केली. तेव्हा कलम 52 असते तर आज पिकअप नसती, आणि तिच्यावर कलम लावण्याचा प्रश्नही आला नसता.

फार दूर कशाला जा? 1 जून 1948 रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्यामध्ये पहिली गाडी सोडणारी आपली एस. टी. घ्या. दापोडी, छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा या तीन कार्यशाळांत एस. टी.ने पिढ्यान्‌पिढ्या चासीवर सांगाडे चढविले, जुने उतरविले, ॲल्युमिनियमचे काढून पोलादाचे बसविले. 2020 च्या टाळेबंदीत प्रवासी बंद झाले तेव्हा तिने जुन्या प्रवासी गाड्यांच्या खिडक्या-आसने काढून त्यांचे मालट्रक केले आणि त्याला ‘महाकार्गो’ असे झोकदार नाव दिले. उत्तम केले! मी त्यांना नमस्कार करतो. परंतु माझे म्हणणे असे, की तीच बुद्धी शेतकऱ्याने वापरली की तिला जुगाड का म्हणावयाचे? ज्याच्याजवळ शिक्का आहे त्याचा तो कल्पक उपक्रम, आणि ज्याच्याजवळ पान्हा आहे त्याचा तो गुन्हा?

आमच्या गाडीत आम्ही काय केले ते सांगतो. कारखान्यातून ती आली तेव्हा तिचे मागचे पाटे ओझ्यासाठी बांधलेले होते. विटा, सिमेंट, लोखंड यांना ते ठीक. पण टोमॅटो हे नाजूक गिऱ्हाईक आहे. ताठ पाट्यांवर रिकामटेकडी उसळणारी गाडी आमच्या शिवारातल्या रस्त्यावरून बाजारात पोचेपर्यंत खालच्या थरातल्या मालाला असे काही ठेचे, की व्यापारी क्रेटमध्ये हात घालून वर काढी आणि काही न बोलता भाव पाडी. मिस्त्रींनी पाट्यांतला एक कमी केला, बुश नवे घातले, हौद्याच्या तळाला जुन्या टायरच्या रबरी पट्ट्या अंथरल्या. आणि त्याबरोबरच एक अट घातली: “गुरुजी, पाटा काढलाय, आता साठ क्रेट भरायचे नाहीत. पन्नासच. एकावन्नावा भरला तर माझ्याकडं येऊ नका.” वीस किलोचा एक क्रेट, पन्नास म्हणजे एक टन. पुतण्याने पहिल्या आठवड्यात कुरकुर केली. नंतर पट्टी हातात आली तेव्हा थांबला, कारण दहा क्रेट कमी नेऊनही ठेचलेल्या मालाचा तोटा वाचला होता. आता सांगा, हा फेरफार आहे की शेतीशास्त्र? कारखान्यातल्या आरेखकाला विटा आणि टोमॅटो दोन्ही एकाच गाडीत बसवावे लागतात. तो बिचारा सरासरी काढतो. सरासरीला आमच्या मालाप्रमाणे वळविणे हे मालकाचे काम आहे.

जुने जपण्याला या देशात मान नाही असेही नाही, आणि इथेच मला राग आवरत नाही. जुलै 2021 मध्ये सरकारने पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी खास नियम केले. अशा मोटारीला नोंदणीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, वीस हजार रुपये भरले की सन्मानाने नोंद होते. अट काय? ती मूळ रूपात असावी आणि तिने रोजचे किंवा धंद्याचे काम करू नये. रविवारी सकाळी पितळ घासून, टोपी घालून, एका चौकातून दुसऱ्या चौकात मिरवावे. मला त्या मोटारी आवडतात; डोळे भरून पाहतो. पण या दोन नियमांची एकत्र बेरीज करून पाहा. जुनी गाडी काहीच करीत नसेल तर ती वारसा. ती कष्ट करीत असेल तर भंगार. वर्णव्यवस्था आपण माणसांत मोडावयास निघालो आणि यंत्रांत आणून बसविली.

नवी घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नवी पिकअप आता नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. जुनी मोडीत दिली तर नवीच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, बाकीचे कर्ज. जुलै 2023 मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा वर्तमानपत्रांनी आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचे फोटो छापले. सप्टेंबरात तोच माल रस्त्याकडेला ओतावयाची पाळी आली. हप्ता मात्र दोन्ही महिन्यांत सारखाच असतो. जिचे पैसे फिटून पंधरा वर्षे झाली अशी गाडी दारात असणे म्हणजे काय, हे ज्याच्या दारात वसुलीवाला कधी उभा राहिला नाही त्याला कसे समजावे?

आणि नवी घेतली, तरी ती आपली होते काय? आमच्या मिस्त्रींकडे गेल्या वर्षी गावातल्या एकाची नवी गाडी दोरीने ओढून आणली होती. समोर एक पिवळा दिवा लागलेला, गाडी रांगण्यापलीकडे पळावयास तयार नाही. मिस्त्रींनी बाजारातून आणलेले स्कॅनर लावले; त्याने रोगाचा क्रमांक सांगितला. इलाज मात्र कंपनीच्या कुलपात. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “गुरुजी, जुनी गाडी कुठं दुखतंय ते सांगती. ही आधी पासवर्ड मागती.” गाडी मोठ्या शहरातल्या अधिकृत कार्यशाळेत गेली, तीन दिवस राहिली, आणि बिलात एक सेन्सर व त्याच्याहून महाग मजुरी घेऊन परतली. ऐन मोसमातले तीन दिवस!

दुरुस्तीचा हक्क नावाची चळवळ जगात आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला, की मोटारीच्या रोगनिदानाची माहिती कंपनीने स्वतंत्र गॅरेजवाल्यालाही द्यावी. आपल्या सरकारने 2022 साली या विषयावर समिती नेमली. तिच्या कार्यकक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती वस्तू आणि मोटारी असे चार विभाग धरले आणि माहितीसाठी एक संकेतस्थळही उघडले. संकेतस्थळाने पिवळा दिवा विझत नाही. ज्या सरकारला जुनी गाडी रस्त्यावरून काढावयाची इतकी घाई आहे, त्याने नवी गाडी मिस्त्रीला उघडता येईल असा कायदा आधी करावा. मग मी माझ्या गाडीच्या निवृत्तीचा विचार करीन. मिस्त्रींकडे दोन पोरे हाताखाली आहेत. पंप उघडून त्यातली स्प्रिंग कशी बसते हे थोरल्याला आता न सांगता कळते. असल्या गाड्या संपल्या की त्याच्या हातातले हे ज्ञान कुठल्या नोंदणीपुस्तकात लिहून ठेवावयाचे, हे धोरण करणाऱ्यांपैकी कोणी मला सांगितलेले नाही.

खंडेनवमीला मिस्त्री पान्हे, जॅक आणि पत्तीमाप पाटावर मांडून त्यांची पूजा करतात. स्कॅनरही मांडतात, पण कडेला. आमच्या गाडीची तपासणी मार्गशीर्षात आहे. हीटर बदलून झाले, डिझेलच्या नळीतली हवा काढली, मागच्या चाकांचे ब्रेक नवे केले. टॅपेट तेवढे राहिले आहेत, ते पाडव्यानंतर.